कामावरची चांदी

जुन्नरला आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो, त्या घरमालकांना चांदी अंगावर घातलेली खपत नसे. सोन्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. सोनं त्यांच्या मते जन्माचं आळशी, त्याच्याकडून अपेक्षाच नाही. पण चांदी गुणी, तिला कष्टाची आवड, आणि लोक तिला पायात नाहीतर कपाटात बसवून ठेवतात, याचा त्यांना खराखुरा राग यायचा. कुणाच्या घरी गेले आणि समोर चांदीच्या वाटीतून वेलदोडे आले, की वेलदोडा उचलण्याआधी ते वाटीकडे बघून विचारत, "ही कामावर आहे, की बसून आहे?"

हे लिहायचं निमित्त तुम्हीच दिलंत. शाळेत प्रत्येकाला एकेक मूलद्रव्य वाटून दिलं आणि तुझ्या वाट्याला चांदी आली, असं तू फोनवर सांगितलंस. मागून तुझा दादा म्हणाला, आजीला विचार, तिच्याकडे चांदीची भांडी असतील. आजीकडे चांदीचं एकही भांडं नाही, आणि त्याला कारण हेच गृहस्थ. तेव्हा बसून नीट लिहून पाठवते. शाळेच्या कामाला यातलं अर्धं उपयोगी पडेल. उरलेलं तुम्हा दोघांसाठी.

तेव्हा मी जुन्नरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. आजोबांची नोकरी पुण्यात, ते शनिवारी यायचे. तुमचे बाबा माझ्याजवळ होते, प्राथमिक शाळेत. नव्वदनंतरची ती वर्षं. घरमालक रसायनशास्त्राचे मास्तर होते आणि मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं. उंच, किडकिडीत बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि दहाही बोटांची टोकं काळीभोर. ते सिल्व्हर नायट्रेटचे डाग. साबणाने ते जात नाहीत, कातडी झडेल तेव्हाच जातात, आणि कातडी झडायच्या आत मालक पुन्हा त्यात बोटं घालत. गावात त्यांना 'काळ्या बोटांचे मास्तर' म्हणत. लग्नाच्या पंगतीत त्यांना कोणी वाढायला उभं करत नसे.

त्यांचं घराणं सराफांचं. बाजारपेठेत थोरल्या भावाचं दुकान होतं, आणि हा भाऊ म्हणजे मालकांच्या दृष्टीने चांदीचा वैरी. "दादा तिला झोपवतो, मी उठवतो," असं ते दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांच्या देखत सांगत. नातवाला वाळे घ्यायला आलेल्या एका बाईंना त्यांनी चांदीतून वीज किती झपाट्याने जाते हे इतकं समजावून सांगितलं, की त्या घाबरून वाळे न घेताच गेल्या. त्यानंतर मालक वळणावर दिसले, की भाऊ समोरच्या हॉटेलात त्यांच्या नावे चहा सांगे आणि तो त्यांनी तिथेच प्यावा अशी व्यवस्था करी.

घरात मात्र त्यांचं फारसं चालत नव्हतं. मालकीणबाई बुटक्या, गोऱ्या, सदा कामात, आणि बोलायला अशा की मालक त्यांच्यापुढे आपोआप हळू बोलत. लग्नानंतर एकदा मालकांनी त्यांच्या पायातल्या जोडव्यांबद्दल आपला नेहमीचा प्रश्न विचारला होता म्हणे. ही कामावर आहेत, की बसून आहेत? बाई म्हणाल्या, "कामावर आहेत. तुम्ही जिवंत आहात हे गावाला सांगायचं काम आहे त्यांना. काढू का?" तो विषय पुन्हा निघाला नाही.

आता चांदीची कामं सांगते. तुझ्या वहीत ही लिहायला हरकत नाही.

पहिलं काम आरशाचं. मागच्या पडवीत मालक काचेवर स्वतः चांदी चढवत. दोन-तीन बाटल्यांतलं पाणी एकमेकांत ओतायचं, ते काचेवर पसरायचं आणि वाट बघायची. आधी काच मातकट दिसे, मग तपकिरी, आणि मग एकाएकी त्यात आपलं तोंड येई. मी हे कितीदा तरी पाहिलं, आणि तोंड येण्याच्या त्या क्षणाला दर वेळी थोडी दचकले. त्यांनी मला दिलेल्या आरशात माझं नाक डावीकडे सरकलेलं दिसायचं. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "काचेचा दोष. चांदी खोटं बोलत नाही." म्हणजे मग नाकाचा दोष, असं मालकीणबाई आतून म्हणाल्या.

दुसरं काम तुमच्या बाबांना विचारा. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर चामखीळ होता. मालकांनी त्यावर सिल्व्हर नायट्रेटची कांडी लावली, अंगठा कोळशासारखा काळा झाला, आणि शाळेतली मुलं त्यांना मास्तरांचा जावई म्हणून चिडवू लागली. चामखीळ गेला. चिडवणं बरेच दिवस टिकलं.

आणि तिसरं काम मोटरींचं. आमच्या भागात विहिरीवर मोटर असते आणि मोटरीला स्टार्टर. स्टार्टरच्या पोटात वीज जोडणारे आणि तोडणारे छोटे तुकडे असतात, त्यांना सगळे पॉइंट म्हणतात. त्या पॉइंटच्या तोंडाला चांदीची टिकली बसवलेली असते, हे मला मालकांमुळे कळलं. शेतकरी स्टार्टर मोटरसायकलला बांधून त्यांच्याकडे आणत. महाळुंगे पडवळचे एक जण आले होते, त्यांचे टोमॅटो ऐन भरात होते आणि मोटर चालत नव्हती.

"काय केलंत ह्याला?" मालकांनी झाकण उघडून विचारलं.

"काय न्हाई, सर. काळं पडलं व्हतं, पॉलिश पेपर मारला. लख्ख केलं. आपलं काम लई चोख असतंय."

"घासायचंच असेल तर घरी मंडळींची पैंजणं घासा, भाऊ. हे घासून तुम्ही चांदी संपवलीत. तांबं काळं पडलं की वीज अडवतं. चांदी काळी पडली तरी वाट देते. हा मळ नव्हे, हा तिच्या कामाचा रंग आहे."

शेतकऱ्याने मालकांच्या बोटांकडे निवांत पाहिलं. "म्हंजी तुमच्यावानी."

"माझ्यावानी," मालक खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी नवीन टिकली बसवून दिली, चांदीच्याच डाखणाने सांधून. झिजलेली टिकली ते शर्टाच्या खिशात टाकत. तिथे नेहमी पाच-सात तरी असत, आणि बोलताना खिशाला हात लावून त्या खुळखुळवायची त्यांना सवय होती. अंधारात जिना चढताना तेवढ्या आवाजावरून कळे, मालक आहेत.

त्यांचं सगळंच बरोबर असे असं समजू नका. चांदीने पाणी शुद्ध राहतं म्हणून त्यांनी गच्चीवरच्या टाकीत राणीछापाचा एक रुपया टाकून ठेवला होता आणि टाकी धुवायची नाही असा हुकूम केला होता. टाकीत एवढं शेवाळ झालं की रुपया दिसेनासा झाला. शेवटी मालकीणबाईंनी टाकी रिकामी करून धुतली आणि रुपया त्यांच्या ताटात वाढला.

आता येते एक्स-रेवर. तुम्ही एक्स-रे पडद्यावरच पाहिले असतील. त्या काळी ती ताटाएवढी काळी फिल्म असे, आणि तिच्यातलं काळं म्हणजे चांदीच, अगदी बारीक कणांची. जिथे हाड आड येतं तिथली चांदी धुऊन निघून जाते, म्हणून हाड पांढरं. मालक डॉक्टरांकडून वापरून झालेलं औषधाचं पाणी कॅनमध्ये भरून आणत, कारण धुतलेली चांदी त्या पाण्यात उतरलेली असते. आणि जुन्या फिल्मा आणत. कोमट कॉस्टिक सोड्याच्या टबात फिल्म बुडवली की काळा थर सुटून तळाशी बसे. तो गाळ वाळवून, तापवून त्याची चांदी करायची, आणि तीच पुढे टिकल्यांना आणि आरशांना लावायची. वर उरे एक निळसर, स्वच्छ, रिकामी फिल्म. अशा फिल्मा अंगणातल्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेल्या असत. माझ्या हजेरीपटांना त्यांचीच कव्हरं होती आणि न्हाणीच्या खिडकीलाही त्याच.

फिल्मा मिळवण्याची त्यांची जागा मात्र कुणाला सुचली नसती. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठी विधी होतो. आमच्याकडे त्याला गावंच्या गावं लोटतात, ध्वनिक्षेपक असतो, भाषणं होतात. मग गेलेल्याचं अंथरूण, औषधं, एक्स-रे असं सगळं लोक नदीत सोडून देतात. चांदी नदीत जाते हे मालकांना सहन होईना. त्यांनी जुन्नर आणि शेजारचा, अशा दोन्ही तालुक्यांतले दहावे धरायला सुरुवात केली. ओळख असो नसो, मोपेडवरून जायचं, मागे मांडी घालून बसायचं, भाषणं ऐकायची, आणि कावळा शिवला की घरच्या एखाद्या पुरुषाला बाजूला घेऊन हळूच विचारायचं, "काही फोटो आहेत का?"

कारण खेड्यात एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही. फोटो म्हणतात. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय. पायाच्या फोटोत मोडलेलं दिसतंय. मालक लोकांच्या भाषेत विचारत आणि लोक बरोबर समजत. एकदाच घोटाळा झाला. एका घरातल्या थोरल्या मुलाला वाटलं, परका माणूस आपल्या बापाची आठवण मागतो आहे. त्याने गहिवरून हार घातलेली तसबीरच काढून दिली. नाही कसं म्हणणार? मालक ती मोपेडला बांधून घरी घेऊन आले.

"हे कोण आता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. दिला."

"मग रोज हार मी घालायचा का?"

दुसऱ्या दिवशी ती तसबीर परत गेली, आणि तेव्हापासून मालक 'काळे फोटो' म्हणू लागले. लेण्याद्रीच्या पायथ्याशी एकदा त्यांची पिशवी माकडांनी पळवली. एका माकडाने झाडावर बसून कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे उन्हाला धरून बराच वेळ पाहिला आणि मग टाकून दिला. मालक म्हणत, जुन्नरच्या अर्ध्या डॉक्टरांपेक्षा त्याने जास्त वेळ दिला.

अशा या माणसाच्या दारात एके दिवशी ती बाई आली. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी खाली ओट्यावर पेपर तपासत होते. पंचविशीची असेल. खांद्यावर झोपलेली लहान मुलगी. शिनोलीच्याही वर, भीमाशंकरच्या अंगाला भातखाचरांची एक वाडी आहे, तिथून ती पहाटे निघाली होती. आधी घोडेगाव आणि तिथून एस.टी.ने जुन्नर.

"काळ्या बोटांच्या मास्तरांचं घर ह्येच का, ताई?"

"हेच. पण ते बाहेर गेलेत. काय काम होतं?"

"मालकांचा फोटो न्यायला आले."

घरमालकांना आम्ही सगळे मालकच म्हणत असू. मला वाटलं, कुठे तरी त्यांचा सत्कार ठरला असेल. शाळेच्या निरोपसमारंभातला त्यांचा एक फोटो पुढच्या खोलीत होता, शाल आणि नारळ घेतलेला. मी तिला आत नेऊन तो दाखवला.

ती बघत राहिली. "ह्ये कोन?"

"मालक."

"कुनाचं?"

"माझे," मालकीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पाहिजेत का? खुशाल घेऊन जा."

ती एवढंसं हसली. मग म्हणाली, "माझं मालक वारलं, ताई. त्यांचा फोटो पायजे. दहाव्याला माझ्या दिरानं मास्तरांना दिऊन टाकला. मला इचारलंबी न्हाई."

मी मनाशी म्हटलं, पुन्हा तसबिरीचा घोटाळा. मला व्यवस्थित चौकशी करायची सवय. "कसा होता फोटो? उभा की बसलेला?"

"छातीचा."

"छातीपर्यंतचा. बरं. चेहरा स्पष्ट आहे ना? म्हणजे शोधायला सोपं जाईल."

"चेहरा न्हाई त्यात." ती माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागली. "चेहरा कसा असंल, ताई? छातीचा फोटो हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालकीणबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "दुसरा एकही फोटो नाही का गं घरात?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. लग्नात फोटोवाला नव्हता. मतदानाच्या कार्डाचं फोटो काढाया सायब आलं, तवा ह्ये खडी फोडाया गेलेलं. येवढाच हाय." तिने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पोरगी म्हनती, बा कुठंय. तवा दहाव्यापतुर मी त्यो दारात उजेडाला धरायची. ह्यो बघ तुजा बा. तिला ठावं झालंय आता."

मालकीणबाई माझ्याकडे पाहू लागल्या आणि मी त्यांच्याकडे. एक्स-रेचे लिफाफे, ज्यांच्यावर नावं असत, ते सगळे बंबात जळणाला जात. आणि सकाळी जाण्याआधी मालकांनी टब भरून ठेवला होता.

मालक आले तेव्हा ऊन चढलं होतं. मालकीणबाईंनी त्यांना दारातच सगळं सांगितलं. ते चपलांसकट मागच्या अंगणात गेले आणि त्यांनी टबात कोपरापर्यंत हात घातला. कॉस्टिकमध्ये असा हात घालू नये हे त्यांनीच आम्हाला शंभरदा बजावलं होतं. फिल्मा बाहेर काढून ते एकेक उन्हाला धरू लागले. काही अर्धवट धुपल्या होत्या, एका बाजूला बरगड्या आणि दुसऱ्या बाजूला आभाळ. बहुतेक कोऱ्या झाल्या होत्या. मालकीणबाई त्यांच्या हातांवर बादलीने पाणी ओतत होत्या.

ती बाई दोरीपाशी उभी होती. निळ्या फिल्मा वाऱ्याने हलत होत्या. तिने एकीला हात लावला आणि विचारलं, "ह्यात कोन व्हतं, मास्तर?"

मालकांनी दोरीवरची ती फिल्म हातात घेतली. "मी बघितलं नाही, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी खोलीतली फिल्मांची पोती आणून अंगणात ओतली. तोवर टबात न गेलेल्या फिल्मा बऱ्याच होत्या, पण छाती सगळ्यांची सारखीच. मालकांनी विचारलं, काही खूण होती का? बरगडी मोडलेली, काही?

"गळ्यात ताईत व्हता," ती म्हणाली. "चांदीचा. फोटोवाला म्हनला, काढ. ह्यांनी न्हाई काढला. आईनं घातल्याला, कसा काढतील?"

मालकांनी मान वर केली. "चांदीचा असेल तर दिसणारच. ती त्या किरणांना वाट देत नाही. पांढरा दिसेल, हाडापेक्षा पांढरा." एवढं बोलून ते थांबले, कारण मुलगी जागी झाली होती आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो ताईत होता. मालकांनी तो पाहिला. अंगावरच्या चांदीबद्दल ते काहीच बोलले नाहीत, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही चौघं फिल्मा उचलून उन्हाला धरत होतो. भाकऱ्या तशाच राहिल्या. मी इतक्या माणसांच्या आत कधी पाहिलं नव्हतं. मुलगी पाणी मागत होती, तिला मालकीणबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला. बराच वेळ गेला. मला वाटू लागलं होतं की तो टबातच गेला, आणि हे आता कुणी तरी म्हणायला हवं. तेवढ्यात ती बाई हातात एक फिल्म घेऊन हळूच खाली बसली.

"ह्ये," ती म्हणाली.

गळ्याच्या खाली, हासळीच्या दोन्ही हाडांच्या मधोमध एक चौकोनी पांढरा ठिपका होता. मालकांनी मुलीच्या गळ्यातला ताईत काळ्या बोटांत धरून त्याच्याशी ताडून पाहिला. वरची कडी एका अंगाला वाकलेली होती, ठिपक्यातही ती तशीच वाकलेली. "हीच," ते म्हणाले. "हीच चांदी."

ती फिल्मची गुंडाळी करायला लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, अशी नेलीत तर चिरेल, पावसाळ्यात बुरशी येईल. मी काचेत बसवून देतो. तिने फिल्म दिली नाही. "मी हितंच बसते," ती म्हणाली, आणि मालक काच कापेपर्यंत ती फिल्म मांडीवर घेऊन बसून राहिली. त्यांनीही मागितली नाही.

तिच्या घराला खिडकी नव्हती. उजेड दारातून तेवढा येई. म्हणून मालकांनी पुढे साधी काच लावली आणि मागे स्वतः केलेला आरसा, आणि त्या दोघांच्या मध्ये फिल्म. आता ती उजेडाला धरायची गरज नव्हती. दाराकडे तोंड करून भिंतीला टांगली की फासळ्या आपोआप चकाकत. त्या पट्ट्यांमध्ये बघणाऱ्याचं तोंड तुकड्यातुकड्याने दिसे, आणि मधोमध ताईत खऱ्या चांदीसारखा चमके. तिथे मागून खरोखर चांदीच होती, आधी कुणाकुणाच्या छातीतली, ते आता कोण सांगणार?

मुलीने त्यात पाहिलं आणि जीभ काढून दाखवली. बापाला की स्वतःला, कुणास ठाऊक.

"दिराला सांगा," मालक त्या बाईला एस.टी.पर्यंत पोचवताना म्हणाले, "ही कामावर आहे. हिला कोणी हात लावायचा नाही."

त्यानंतर त्यांनी दहावे सोडले, असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. पुढच्याच आठवड्यात गेले. फक्त आता ते आधी विचारत, "माणसाचा दुसरा फोटो आहे ना घरात? चेहऱ्याचा?" नाही म्हटलं की हात जोडून परत येत. आणि फिल्म टबात घालण्याआधी ती उन्हाला धरून घटकाभर बघत. मालकीणबाई विचारत, "नमस्कार करताय का?" मालक म्हणत, "नाही. ओळख करून घेतोय." भावाच्या दुकानाच्या पायरीवर त्यांचं बसणं चालूच राहिलं, पण कुणी ताईत घ्यायला आलं, की ते रस्त्याकडे पाहत आणि खिशातल्या टिकल्या खुळखुळवत. भावाने चहा बंद केला नाही. कारण मालकांतला हा बदल त्याला कधी कळलाच नाही.

पुढे आम्ही पुण्याला आलो, तुमचे बाबा कॉलेजात गेले, आणि एक्स-रे हळूहळू संगणकावर निघू लागले. मालक गेल्याचं मला उशिरा कळलं. शेवटी त्यांना छातीचंच दुखणं झालं होतं. मी भेटायला गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता. अंगणातली दोरी होती, तिच्यावर लुगडी वाळत होती. मालकीणबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. जोडव्यांच्या जागी बोटांवर गोरे वळ होते.

"काढली," त्या म्हणाल्या. "त्यांचं काम संपलं."

मी काही बोलणार तेवढ्यात खिडकी दिसली. ओट्याच्या वरची पूर्वेची खिडकी. तिच्या गजांना चिमट्याने एक एक्स-रे लावला होता. छातीचा. डाव्या बाजूला, हृदयाच्या थोडा वर, एक गोल पांढरा ठिपका.

"ही गाठ होती का?" मी हळूच विचारलं.

"गाठ कसली. स्टार्टरची टिकली आहे. फोटोवाला म्हणाला, आजोबा, खिसा रिकामा करा. बाकीच्या काढल्या, एक ठेवली. म्हणाले, ओळखू यायला पाहिजे."

"पण ते तर नेहमी म्हणायचे, माझे सगळे फोटो टबात टाका."

"म्हणायचे." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. "परवा त्यांचे दादा येऊन विचारून गेले, टबात घालायला सगळे नेऊ ना? म्हटलं, बाकीचे न्या."

त्या उठल्या. एक्स-रेचा कोपरा वाऱ्याने वळला होता, तो त्यांनी बोटाने सरळ केला आणि चिमटा घट्ट बसवला.

"हे कामावर आहेत," त्या म्हणाल्या.